खालाबद्दल विचारलेला एक प्रश्न

चूक माझी होती. ती मी मोठ्या आवाजात केली, पन्नास-साठ बायांसमोर केली, आणि करताना आपण काही चुकतो आहोत असं मला वाटलंसुद्धा नाही. मी फक्त एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाने एका बाईचा आयुष्यभराचा धंदा बुडवला आणि माझ्याच घरातल्या एका माणसाला तपासणीच्या रांगेतून परत पाठवलं. जिच्याबद्दल तो प्रश्न होता ती बाई आज नाही. तिच्याविषयी चांगलं लिहायचं मनात आहे, पण आधी हे सांगितलं नाही तर पुढचं सगळं कौतुक माझ्याच घशात अडकेल.

तिला गावात सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणत. ती बांगड्या विकायची. राहायची शहाद्याला, आणि आठवड्याचे सहा दिवस तापीकाठची गावं फिरायची. आमच्या गावाचा वार मंगळवार. डोक्यावर टोपली, खांद्यावर दोऱ्यात ओवलेल्या काचेच्या बांगड्यांच्या माळा, आणि चाल अशी की मागून कुणी हाक मारली तर पाय न थांबवता फक्त मान वळवायची. ती कधी नीट मांडी घालून बसलेली मी पाहिली नाही. एक गुडघा उभा, एक जमिनीला टेकलेला, म्हणजे उठायला क्षणही लागू नये. मी एकदा म्हणालो, "खाला, जरा टेका की." तर म्हणाली, "बठनू का टोपली जड लागस, आप्पा."

बांगडी भरताना तिने कुणाला माप विचारलं नाही. बाईचा हात आपल्या हातात घ्यायची, अंगठ्याखालचा उंचवटा आणि बोटांचे पेर दोन-तीनदा दाबायची, आणि टोपलीतून नेमकी तीच बांगडी काढायची. नव्या नवऱ्या मुली हात आखडून धरत. मग तिचं ठरलेलं वाक्य यायचं, "हात ढिला सोड वं. बांगडी काय हातले खास का?" पोरगी हसायची, आणि ती हसली की हात आपोआप सैल पडायचा. तेवढ्यात बांगडी मनगटावर गेलेली असायची. चुडा भरून झाला की मोठ्या घरच्या सुनासुद्धा तिच्या पाया पडत. खाला कपाळाला हात लावून दुवा द्यायची आणि लगेच दुसऱ्या दारात.

सुनांना एकटीने बोलायला मिळावं म्हणून तिची एक युक्ती होती. सासू शेजारी बसून राहिली की खाला तिला उठवायची. "सासूबाई, चहा ठेव वं. साखर कमी टाक, येळ जास्ती लाव." सासू चुलीकडे गेली की मग सून काय बोलायची ते तीच जाणे. कारण खालाच्या तोंडून एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात गेली असं कधी झालं नाही. बायका तिला खोदून खोदून विचारत. ती म्हणायची, "मन्ही टोपली उघडी ऱ्हास, तोंड नही." हे वाक्य मी तेव्हा गमतीने घरी सांगायचो. आता ते मी गमतीने सांगत नाही.

मी गावातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सेवक आहे. पंचवीस वर्षं झाली. हिवतापाचं रक्त घे, पाण्यात औषध टाक, पोलिओच्या याद्या कर, नसबंदीची माहिती दे, अशी कामं. सुरुवातीला बायांशी बोलायची वेळ आली की माझी नजर खाली जायची. एकदा ओट्यावर पाच-सहा बायांना मी पाळणा लांबवण्याविषयी सांगत होतो, आणि खाला तिथेच बांगड्या भरत होती. मधेच तिने विचारलं, "आप्पा, तुम्ही आम्हनासंगे बोली ऱ्हायनात का जमिनसंगे?" बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी सायकल काढली. खरं सांगायचं तर ती नजर पुढेही कधी फारशी वर आली नाही.

आमचं घर शेतीवालं. थोरला भाऊ, नाना, पपई आणि ऊस बघायचा, मी नोकरीत. नाना अचानक गेला, हृदयविकाराने. त्यानंतर वहिनींनी हातातली काच काढून ठेवली. खाला पुढच्या मंगळवारी आली, वहिनींजवळ बसली, आणि दोन साध्या तपकिरी बांगड्या त्यांच्या हातात सरकवल्या. आमची एक चुलती तिथे होती, ती म्हणाली, "हे काय करस वं, विधवा शे ती." खाला म्हणाली, "मनगटले काय मालूम, कोण मरी गया ते. मन्हाबी मरी गया, मी घालस ना?" तिचा नवरा प्रकाशा गावच्या यात्रेत बांगड्यांचं दुकान लावायचा, तोही काही वर्षांपूर्वी गेला होता. वहिनी मुळात अबोल. घरात त्या कामापुरतं बोलत. पण मंगळवारी मागच्या दारी त्यांचा आणि खालाचा आवाज अर्धा-अर्धा तास येत राहायचा.

मग आमच्या केंद्रात एक नव्या डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी शिबिर घ्यायचं ठरवलं. साधी तपासणी. त्या जागेला पातळ सिरका, म्हणजे व्हिनेगर, लावायचा आणि मिनिटभर थांबून बघायचं. पांढरा डाग उमटला तर तिथल्या पेशींमध्ये बदल सुरू झाला आहे असं समजायचं. त्यासाठी टेबलावर झोपावं लागणार, तेही धडधाकट असताना, म्हणून बाया तयार होईनात. आशाताई दारोदार फिरल्या, मी दवंडीसारखं ओरडत फिरलो. पहिल्या शिबिराला चार जणी आल्या. मॅडम मला म्हणाल्या, "या गावात बायका कुणाचं ऐकतात?" मी विचार न करता म्हणालो, "बांगडीवालीचं."

खालाला मॅडमनी समोर बसवून सगळं समजावलं. एक विषाणू असतो, नवरा-बायकोच्या संबंधातून येणारा, अगदी सर्रास आढळणारा. बहुतेकांच्या अंगात तो येतो आणि आपोआप निघून जातो, काहींच्यात राहतो, आणि राहिला तर दहा-पंधरा वर्षांनी त्यातून कॅन्सर होऊ शकतो. मधल्या काळात सापडला तर त्या जागेला यंत्राने थोडा शेक देऊन बहुधा तिथेच थांबवता येतो. खालाने दोनच प्रश्न विचारले. दुखतं का, आणि बाईच्या नावाचा बोभाटा होतो का. मॅडम म्हणाल्या, थोडं दुखतं, आणि बोभाटा अजिबात होत नाही. खाला म्हणाली, "मंग मी आनस बाया."

दीड महिना ती बांगड्यांबरोबर हेही विकत होती. तिने ते भाषणासारखं सांगितलं नाही. हात हातात असायचा आणि बोलणं चालू असायचं. "काय नही वं, सिरका शे. लोनचाना वास येस, बस." वहिनींच्या मागे तर ती फारच लागली होती. का, ते मला पुढे कळलं. वहिनींची पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी त्यांच्या अंगावरून अधूनमधून लाल जात होतं. घरात कुणाला माहीत नव्हतं. आरोग्य खात्यातला माणूस त्याच छपराखाली जेवत होता, त्यालाही नाही. माहीत होतं फक्त खालाला.

दुसऱ्या शिबिराच्या दिवशी केंद्राचा व्हरांडा भरून गेला. फाटकाशी नवरे मोटरसायकली लावून उभे. आत जायच्या दाराला लागून माझं टेबल. रांगेत वहिनी आठव्या की नवव्या होत्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढून. बाया एकमेकींना पुढे ढकलत होत्या, तेवढ्यात खाला टोपली कोपऱ्यात ठेवून म्हणाली, "पहिले माले तपासा. मन्हं काय व्हस ते देखा, मंग तुम्ही या." मी तिचं नाव विचारलं. इतक्या वर्षांत ते मला ठाऊक नव्हतं. हमीदाबी, तिने सांगितलं, आणि आत गेली.

आता माझी सवय सांगायला हवी. मी रजिस्टर मोठ्याने वाचत भरतो. पोलिओच्या दिवसांपासून लागलेली सवय. एकाने लिहायचं आणि म्हणायचं, दुसऱ्याने ऐकून ताळा घ्यायचा. खात्यात आम्ही सगळेच असं करतो. मॅडम दारापर्यंत आल्या, एक घडी घातलेली चिठ्ठी त्यांनी न बोलता माझ्यापुढे ठेवली आणि वळल्या. मी ती उघडली आणि लिहीत लिहीत वाचलं, "हमीदाबी, वय बावन्न, विधवा, बारा वर्षं. तपासणी पॉझिटिव्ह." आणि मग मान वर करून, जसं एखाद्या यादीतली चूक दाखवावी तसं विचारलं, "मॅडम, पण यांचे मिस्टर तर बारा वर्षांपूर्वीच वारले. मग यांना कसं काय झालं?"

रांगेतल्या बायांनी एकमेकींकडे बघितलं.

मॅडमनी मला बाहीला धरून आत ओढलं. रागाने, पण दबक्या आवाजात त्या म्हणाल्या, "तो विषाणू अंगात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. नवऱ्याकडून आला असेल, लग्नाच्या पहिल्या वर्षी आला असेल. त्याच्यावरून कुणाचं चारित्र्य ठरत नाही, बाईचंही नाही आणि पुरुषाचंही नाही. आणि हा कॅन्सर नाही, त्याच्या फार आधीची पायरी आहे. आत्ताच्या आत्ता बाहेर जा आणि हे सगळ्यांना सांगा. जेवढ्या मोठ्याने विचारलंत तेवढ्याच मोठ्याने."

त्या खालाला शेक द्यायला वळल्या आणि मी बाहेर आलो. बाया माझ्याकडे बघत होत्या. फाटकाजवळचे पुरुषही बघत होते. 'नवऱ्याकडून' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा होता. मी खुर्चीवर बसलो आणि म्हणालो, "चला, पुढचं नाव."

प्रश्न अनवधानाने झाला, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. उत्तर मात्र मी जाणूनबुजून दिलं नाही. त्याला दुसरा शब्द नाही.

मी मान वर केली तेव्हा रांग निम्मी झाली होती. वहिनींची जागा रिकामी होती. खालाला त्याच दिवशी शेक दिला, मिनिटभराचं काम. ती बाहेर आली, टोपली उचलली आणि तिने पहिलं विचारलं, "वहिनी कोठे गयी?" बाहेर काय झालं ते तिने आतून ऐकलं होतं, दार उघडंच होतं. तरी माझ्यावर ती चिडली नाही. उरलेल्या बायांसाठी ती दुपारपर्यंत तपासणीच्या टेबलाच्या उशाशी उभी राहिली. आत गेलेल्या बाया सांगतात, ती त्यांचा हात धरून पेर दाबत होती आणि म्हणत होती, "अंग ढिलं सोड वं." पण हे करताना तिला आपल्या हाताकडे बायका कशा बघतात ते दिसलं असेलच.

गावात काय बोललं गेलं ते मी सांगायला नको. "बारा साल व्हयनात नवरा मरीसन, आनि हाऊ रोग आते कोठून उना?" माझाच प्रश्न, फक्त आमच्या बोलीत. पुढच्या मंगळवारी दोन दारं उघडली नाहीत. त्याच्या पुढच्या मंगळवारी पाच. काहींना वाटत होतं की हात लावल्याने लागेल; मी खात्याचा माणूस, मला पक्कं ठाऊक होतं की बांगड्या भरताना असं काही लागत नाही, तेही मी सांगितलं नाही. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एक लग्न निघालं. त्या घरातल्या तीन पिढ्यांचे चुडे खालाने भरलेले. या वेळी त्यांनी नंदुरबारहून दुसरा बांगडीवाला बोलावला. नेमका मंगळवार होता. खाला ओट्याशी आली, आत बघितलं, आणि म्हणाली, "हात नको तं नको. पानी तं पाजशी?" नवरीच्या आईने तांब्या आणला. खाला उभ्याने पाणी प्यायली, तिने नवरीला लांबूनच दुवा दिली आणि निघाली. मी समोरच्या दारात मोटरसायकल पुसत होतो. ती आधीच पुसून झालेली होती.

आमच्या मागच्या दारी ती येत राहिली. वहिनी दार उघडत नसत. मी घरात असलो तर ऐकू यायचं. आधी मोठ्याने, "हिरव्या उन्यात, लाल उन्यात, देखी ले," आणि मग दाराला तोंड लावून हळू, "तपासी ले वं बहीण. मन्हं देख, काही व्हयनं का माले? शेक दिना, बरी शे." मी आतल्या खोलीत उभा, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. मी जाऊन कडी काढू शकलो असतो.

वर्ष सरलं. खालाची फेरतपासणी झाली, सगळं साफ निघालं. ते रजिस्टर मी मनात वाचून भरलं. पण तोवर आजूबाजूच्या गावांतही गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. तिने सुरतेला लेकीकडे जायचं ठरवलं. प्रकाशा गावच्या बसथांब्यावर ती मला भेटली, टोपली नसलेली, म्हणून मी आधी ओळखलंच नाही. एक पिशवी आणि एक पत्र्याची पेटी. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "आप्पा, वहिनीले दवाखानामा लई जा. मन्हं ऐकनार नही ती आते. तुम्हनं ऐकी." मी हो म्हणालो. घरी येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहून म्हणालोही, "वहिनी, एकदा दाखवून घ्या." त्या म्हणाल्या, "बरी शे मी, भाऊ." मी पुन्हा विचारलं नाही. एकदा विचारल्याचं समाधान घेऊन मी हात झटकले.

सात-आठ महिन्यांनी वहिनी पपईच्या शेतातच खाली बसल्या. लुगडं भिजलं होतं. नंदुरबारला तपासणी झाली, तुकडा काढला, आणि कॅन्सर निघाला, दुसऱ्या टप्प्यातला. सुरतेला रोज लाईट, म्हणजे किरणांचा उपचार, द्यायची, आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध, असं पाच-सहा आठवड्यांचं सांगितलं. आम्ही दवाखान्याजवळ खोली घेतली. तिसऱ्या दिवशी लाईटच्या रांगेत बसलो होतो, तर समोरून खाला. हातात डबा. वहिनींनीच तिला फोन केला होता. मला न सांगता.

ती रोज येऊ लागली. बाकावरसुद्धा तशीच बसायची, एक पाय खाली, निघायच्या तयारीत. पण निघायची नाही. वहिनींच्या मनगटातल्या त्या दोन तपकिरी बांगड्या दवाखान्यात काढायला लावल्या होत्या. खाला ते रिकामं मनगट धरून बसायची. एकदा वहिनी म्हणाल्या, "मी रांगमाईन उठी गयू ना वं त्या दिन." खाला म्हणाली, "उठी गयी तं गयी. आते बठेल शे ना? बस मंग." वहिनींनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या माझ्याशी मनातलं बोलल्या. "भाऊ, मीबी विधवाच. मन्हाबद्दल बी तुम्ही तोच सवाल इचारतात ना?"

त्याच सकाळी तिथल्या डॉक्टरांनी कागद भरताना विचारलं होतं, नवरा कधी वारला. मी सांगितलं आणि लगेच मनात हिशोब केला. म्हणजे नाना. माझा नाना, ज्याने मला शिकवलं, ज्याच्या शब्दाला गावात मान होता. खालाच्या बाबतीत जे उत्तर मी गिळलं होतं, तेच आता माझ्या घरात येऊन बसलं होतं. नानाबद्दल मला काहीच माहीत नाही. माहीत असायची गरजही नाही. मॅडमनी सांगितलं होतं की त्याच्यावरून कुणाचं काही ठरत नाही. पण हे मी खालाच्या वेळी चटकन विसरलो होतो आणि नानाच्या वेळी मला ते पाठ होतं.

दवाखान्याबाहेर चहाच्या गाडीपाशी मी खालाला गाठलं. म्हणालो, "खाला, माझं चुकलं. मला माफ करा." फार दिवस घोकलेलं वाक्य होतं. ती कपातला चहा बशीत ओतत होती. तिने तो फुंकला, प्यायला, आणि मग म्हणाली, "सवाल चार लोकस्मा इचारा तुम्ही. आनि माफी माले एकलीले मांगतस? चहानी गाडीपाशी?"

मी म्हणालो, "मग काय करू?"

"माले जबाब मालूम शे. ज्यास्ले मालूम नही, त्यास्ले सांगा." मग हसली. "जमिनले नका सांगू पन."

वहिनींचा उपचार पुरा झाला. त्या बऱ्या आहेत. दर काही महिन्यांनी दाखवावं लागतं आणि त्या आधीचे आठ दिवस घरात कुणी धड जेवत नाही. परत आल्यावर गावात महिला सभा झाली. मी बोलायचं ठरवून गेलो होतो. खिशात मुद्दे लिहिलेला कागदही होता. उठलो, डासांच्या अळ्यांविषयी दहा मिनिटं बोललो आणि बसलो. पंधरा दिवसांनी खालाच्या लेकीचा फोन आला. खालाच्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्या जुन्या दुखण्याचा काही संबंध नव्हता. दफन झालं होतं. मी सुरतेला गेलो नाही. काय तोंड घेऊन जाणार होतो?

यंदा मुलींसाठी लस आली. ज्या विषाणूपासून हा कॅन्सर होतो त्याचीच लस, लग्नाच्या कितीतरी आधी, कोवळ्या वयात द्यायची. शाळेत पोरींच्या आयांची बैठक ठेवली, गावातल्या बाकीच्या बायांनाही बोलावलं. वहिनी निघाल्या तेव्हा मी अंगणात त्यांना म्हणालो, "वहिनी, आज बोलायचं म्हणतोय. पण बोललो तर लोक नानाचंही नाव घेतील." त्या चपला घालत होत्या. न थांबता म्हणाल्या, "नाना तुम्हना भाऊ व्हतात, भाऊ. मन्हा नवरा व्हतात. मी सांगस, बोला."

बैठकीत नर्सबाईंनी लशीची माहिती दिली आणि संमतीचे कागद वाटले. कागद हातात घेऊन बाया बसून राहिल्या. मग एक जण म्हणाली, "आम्हन्या पोरी तश्या नहीत, बाई. त्यास्ले कसाले हाई लस?" मागून दुसरी म्हणाली, "हाऊ तोच रोग ना, खालाले व्हयना तो?" आणि खसखस पिकली. दोघी-तिघींनी कागद घडी करून चटईवर ठेवून दिले. समोर त्यांच्या पोरी बसल्या होत्या, तेरा-चौदा वर्षांच्या, दोन वेण्यांच्या. वर्गात काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, पण हसणं कळलं होतं.

मी उठलो. आधी कार्यालयातली मराठी तोंडात आली. 'सदर विषाणू' असं काहीतरी म्हणालो आणि थांबलो. पुढे आमच्या बोलीत बोललो. सांगितलं की हा विषाणू कुणालाही लागतो, चांगल्या घरात लागतो, एकाच नवऱ्याबरोबर जन्म काढलेल्या बाईला लागतो. नवऱ्याकडून येतो, आणि त्या नवऱ्यालाही माहीत नसतं. तो अंगात वीस-वीस वर्षं मुका राहतो. नवरा मेला तरी तो राहतो. बांगड्या भरताना लागत नाही, पाण्याच्या तांब्यातून लागत नाही. खालाला तो असाच झाला होता आणि वेळेत सापडला म्हणून ती बरी झाली. आमच्या वहिनींना असाच झाला, आणि उशिरा सापडला. उशीर माझ्यामुळे झाला. वर्गात पुरुष शिक्षक होते, सरपंच होते. मी बायांच्या तोंडाकडे बघत होतो. वहिनी दुसऱ्या ओळीत होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला होता.

"तो सवाल मी इचारा व्हता," मी म्हणालो. "त्याना जबाब माले त्याच दिन मिळना, पाच मिनिटमा. मॅडमनी सांगं, बाहेर जाईसन सांग. मी सांगा नही. माले लाज वाटनी. खालामा काही खोट नव्हती. खोट मन्हामा व्हती. तुम्ही खालाले जे बोलनात, ते मन्हामुळे बोलनात. खाला, मी चुकनू. माफ करा माले. आनि वहिनी, तुम्हीबी."